चालीतला खड्डा

"थांब वं, लावू नको अजून! माह्या चपलेचा अंगठा निघाला," रुखमा ओरडली, आणि कुंताने बटणावर ठेवलेलं बोट चटका बसावा तसं मागे घेतलं.

पिपरटोल्याच्या हातपंपापाशी तिघी उभ्या होत्या. पहाटेचे साडेचार वाजले होते. रुखमा वाकून अंगठा बसवत होती, भाग्यश्री तिच्या पायावर टॉर्च धरून होती, आणि कुंता निळा स्पीकर छातीशी घट्ट धरून अंधाराकडे बघत होती. गाणं पंपापाशीच सुरू व्हायला हवं. दहा पावलं अलीकडे चालत नाही आणि दहा पावलं पलीकडेही चालत नाही. हा नियम कुंताचा होता, आणि आयुष्यात तिने केलेला आणि दुसऱ्यांनी पाळलेला तो एकुलता एक नियम होता.

कुंता भित्री आहे हे साऱ्या पिपरटोल्याला ठाऊक होतं. तिलाही ते मान्य होतं. ती पालीला भ्यायची, ढोलकीला भ्यायची, रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनची घंटी वाजली की दचकायची. मॅनेजर सुरेंद्रने "कुंताबाई" अशी जरा वरच्या पट्टीत हाक मारली तरी हातातला चमचा खाली पडायचा. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतेत," रुखमा म्हणायची, "हिच्या पाठी तर सरडाबी लागते." रुखमा तिची थोरली जाऊ. नवरा काविळीने गेला तेव्हा कुंता घराबाहेर पडायलाही तयार नव्हती. रुखमानेच तिचा हात धरून तिला मोहर्लीच्या वाटेवरच्या त्या रिसॉर्टवर नेलं आणि सांगितलं, ही माझी जाऊ, हिच्या हातचे पराठे खाऊन बघा. त्याला सात वर्षं झाली. सफारीच्या गाड्या सहाच्या आत सुटतात, आणि गाडीत पाहुण्यांच्या नाश्त्याचे डबे असावे लागतात. म्हणून सव्वापाचला तिथे पोचायचं, म्हणून साडेचारला निघायचं. वाट अडीच किलोमीटरची, त्यातली निम्मी जंगलाची.

असल्या बाईच्या कपाळी देवाने असलं काम लिहिलं, याला काय म्हणावं!

गेल्या वर्षी शेजारच्या गावातल्या एका बाईला गवत कापताना जनावराने नेलं. जनावर म्हणजे कोणतं, ते इकडे कुणी विचारत नाही आणि कुणी नावानिशी सांगतही नाही. त्यानंतर वनरक्षक प्रफुल्ल गावात आला आणि त्याने बायांना पारावर बसवून सांगितलं, एकट्याने जाऊ नका, आवाज करत जा, आणि दिसलं तर पळू नका. पळणाऱ्याच्या पाठी ते लागतं. तिघींनी आवाज करायला सुरुवात केली. आधी बोलत जायच्या, पण रोज पाऊण तास बोलणार तरी काय? आठ दिवसांत सासवा संपल्या, पंधरा दिवसांत जावा संपल्या. मग भाग्यश्रीच्या मोबाइलवर भजनं लावून पाहिली, तर रुखमा डोळे मिटून म्हणायला लागायची आणि चाल मंदावायची.

मग उन्हाळ्यात ती टेक्नोवाली आली.

मुंबईची मुलगी, लॅपटॉपवर नाचायची गाणी बनवणारी, केस मुलासारखे कापलेले. अकरा दिवस खोली घेऊन राहिली, पण सफारीला एकदाच गेली. दिवसभर कानाला मोठाले हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसायची. चहा घेऊन गेलेल्या कुंताच्या कानाला तिने एकदा ते हेडफोन लावले. कुंताने डोळे गच्च मिटले. आत कुठेतरी लांबवर ढोल वाजत होता, एकसारखा, आणि त्याच्यावरून एक सूर हळूहळू तरंगत चालला होता. भीती वाटली नाही. याचंच तिला नवल वाटलं.

"बाई, यात शब्द नाईत का?" तिने विचारलं.

"नाहीत."

"मंग म्हनाचं काय?"

"काही म्हणायचं नाही, कुंताताई. पाय हलवायचे."

कुंताने तिला वाटेबद्दल सांगितलं. नाल्याबद्दल सांगितलं. मुलगी हेडफोन काढून ऐकत राहिली. जाताना तिने आपला निळा स्पीकर कुंताच्या हातात ठेवला. "यात माझा अख्खा अल्बम आहे. आठ ट्रॅक. अजून बाहेर आलेला नाही. तुम्ही पहिल्या ऐकणाऱ्या."

तेव्हापासून तिघी त्या अल्बमच्या तालावर जंगल ओलांडत होत्या. हातात स्पीकर म्हणून कुंता समोर, मध्ये भाग्यश्री, आणि गुडघा दुखायचा म्हणून रुखमा मागे. पहिल्या गाण्याला त्यांनी 'चक्की' नाव दिलं होतं, कारण ते पिठाच्या चक्कीसारखं घरघरत सुरू व्हायचं. ते शाळेपर्यंत पुरायचं. दुसरं 'थेंबवालं', ते गावाच्या शेवटच्या घरापर्यंत. तिसऱ्याला नुसतं 'खड्डा' म्हणायच्या. त्यात मधेच ढोल थांबायचा. सूरही पातळ होत होत विरून जायचा, आणि एकशेचाळीस पावलं काही म्हणता काही वाजायचं नाही. मग ढोल असा काही कोसळायचा की झाडावरचे पक्षी उडायचे. मुंबईत लोक म्हणे त्या शांततेसाठीच नाचायचे थांबून हात वर करतात.

पहिल्याच दिवशी खड्डा आला तेव्हा कुंताची पाचावर धारण बसली होती. त्या रात्री तिने बोटांवर मोजून हिशेब लावला. पंपापाशी सुरू केलं आणि नेहमीच्या चालीने गेलं, तर खड्डा झाडूजींच्या शेतात, कापलेल्या धानाच्या बांध्यांत येतो. तिथे चारी बाजूला मोकळं रान, ससा हलला तरी दिसतो. आणि चौथं गाणं, ज्याला त्या 'रेल्वे' म्हणायच्या, ते नेमकं बांबूच्या नाल्यावर येतं. रेल्वेत ढोल एकदाही थांबत नाही. नाला, त्यावरचा रपट्याचा बुटका पूल, पलीकडचा चढ, सगळं त्या धडधडीत पार होतं. मग डांबरी रस्ता लागतो.

नऊ महिने असं चाललं होतं. गाण्याची चाल आणि पायांची चाल यांत एका पावलाचा फरक पडू दिला नव्हता कुंताने.

"झालं, चाल," रुखमा म्हणाली.

कुंताने बटण दाबलं. चक्की सुरू झालीच नाही. एक लांबलचक, गोड सूर निघाला आणि त्याच्या खाली घुंगरासारखं काहीतरी वाजायला लागलं.

"हे काय होय?" कुंता जागच्या जागी थबकली.

भाग्यश्री हसली. बावीस वर्षांची होती ती, रिसॉर्टमध्ये खोल्या आवरायची. "सरप्राइज, काकू! आपला अल्बम निघाला ना काल. ताईनं मले फोनवर पाठवला. मी जुनी गानी काढून कार्डात नवी टाकली. हे असली हाय, एकदम फायनल."

"जुनी कुठी हायेत?"

"डिलीट केली. तीच तर हायेत, काकू. फक्त मांगं-समोर केली तिनं."

"खड्डा कितव्यात हाय?"

"मी पुरं ऐकलंच नाई अजून. आपन मिळून ऐकू म्हटलं."

"बाई," कुंता रुखमाकडे वळली, "आपन उजेड पडेपर्यंत थांबू. घंटा-दीड घंटा. मंग जाऊ."

"बत्तीस डबे हायेत आज," रुखमा म्हणाली. "सुरेंद्र सायेब काय तुह्या खड्ड्यासाठी गाड्या थांबवन? गानं ते गानं. वाजलं म्हंजे झालं. चाल."

कुंताला जनावराची भीती वाटायची, पण वाद घालण्याचीही तेवढीच वाटायची. ती चालायला लागली.

सगळी वाट अनोळखी झाली होती. कोणतं गाणं कुठे संपेल याचा पत्ता नाही. शाळा मागे गेली तरी तो गोड सूर चालूच. थेंबवालं आलं ते शेवटच्या घरानंतर, आणि बांध्यांत ढोल असा घुमत राहिला, जसं पाऊस नसताना कुणी मोकळ्या मैदानावर छत्री उघडून बसावं. बांध्या संपल्या. खड्डा आला नाही. कुंता मनात देवाचं नाव घेत होती आणि कान गाण्याला लावून होती. काढूनच टाकला असेल, असंही तिला वाटलं. मुलगी शहाणी आहे, तिला सांगितलं होतं आपण नाल्याचं. बांबू सुरू झाले. टॉर्चचा उजेड बांबूंत शिरून तिथेच संपत होता. चौथं गाणं लागलं आणि पहिल्या ढोलाला कुंताने ओळखलं. हे जुनं तिसरं आहे. हे खड्ड्याचं गाणं आहे.

"लवकर चला," ती म्हणाली, पण ते कुणाला ऐकू गेलं नसावं.

त्या रपट्यावर पोचल्या आणि ढोल थांबला.

सूर पातळ झाला. डासाएवढा झाला. मग तोही गेला. नाल्याच्या पाण्याचा आवाज आला, तिघींच्या चपलांचा आला, रुखमाच्या श्वासाचा आला. कुंता पावलं मोजायला लागली. वीस. तीस. अर्जुनाच्या झाडावर एक वानर खोकलं, जनावर दिसल्यावर खोकतात तसं. मग दुसरं, जोरात. आणि डाव्या हाताला, टॉर्चच्या उजेडाच्या जरा पलीकडे, बांबूची वाळकी पानं दबली. एकदाच. अगदी सावकाश, वजन टाकून दबावीत तशी. वास आला, ओल्या गोणपाटासारखा.

"थांबा," मागून रुखमा हळूच म्हणाली. "कोनी पळू नका."

कुंता पळाली.

ठरवून पळाली नाही. पाय पळाले आणि ती त्यांच्या बरोबर गेली. तिला पळताना बघून भाग्यश्री पळाली. टॉर्चचा उजेड झाडांच्या शेंड्यांवरून वेडावाकडा नाचला. मागून हाक आली, "कुंता!" ती हाक स्पष्ट होती, पाण्यावरून आलेली. मग पुन्हा, "कुंता वं, मले नाई पळता येत!" कुंता चढ चढत राहिली. वरच्या वळणाला पोचली आणि तेव्हा तिच्या हातात, छातीपाशी, ढोल कोसळला. ती किंचाळली. स्पीकर फेकूनच देणार होती ती.

मग तिच्या ध्यानात आलं. आवाज इथे आहे. आपल्याजवळ. आणि रुखमा खाली, त्या खड्ड्यात आहे.

भाग्यश्री तिच्या दंडाला धरून "काकू, मावशी, रुखमामावशी कुठी हाय?" म्हणून रडत होती. रस्त्याकडे शंभर पावलं गेलं की डांबरी लागतं, दिवे दिसतात, माणसं असतात. कुंताने त्या दिशेला पाहिलंही.

"तू डांबरीवर जाऊन उभी राह्य," ती म्हणाली. "लोकायले आवाज दे. टॉर्च मले दे."

ती चढ उतरायला लागली. स्पीकर तिने दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला होता आणि टॉर्च बगलेत, त्यामुळे उजेड भलतीकडेच पडत होता. ती रडत होती, आणि तिच्या तोंडून घाणेरड्या शिव्या निघत होत्या, ज्या तिने उभ्या जन्मात कधी दिल्या नव्हत्या. मुलीला, गाण्याला, स्वतःला. रपटा दिसला. रपट्याच्या मधोमध काहीतरी होतं. हलत नव्हतं.

रुखमा उकिडवी बसली होती, बांबूकडे तोंड करून, दोन्ही हात जमिनीवर टेकून. कुंता जवळ गेली तरी तिने मान वळवली नाही.

"गेलं," तशीच बांबूकडे बघत ती म्हणाली. "पान्यातून गेलं. माह्याकडं पाहत पाहत गेलं."

रपट्याच्या कडेला ओल्या वाळूत पंजा उमटला होता आणि त्यात पाणी भरत होतं. कुंताने रुखमाच्या काखेत हात घालून तिला उठवलं. तिचं लुगडं ओलं होतं. नाल्याच्या पाण्याने की कशाने, ते कुंताने विचारलं नाही.

रिसॉर्टवर पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. सुरेंद्र फाटकातच उभा होता. "अवो बाई, आज काऊन उशीर?" रुखमा म्हणाली, "माहा गुडघा आखडला, सायेब." तेवढंच. मग तिने हातपाय धुतले, रिसॉर्टची जुनी साडी नेसली आणि अंडी सोलायला बसली. कुंता पराठे लाटत होती. दोन पराठे करपले. बत्तीस डबे भरले गेले, गाड्या लागल्या, टोप्या घातलेले पाहुणे हसत हसत चढले. "आज दिसायला हवा हं," एक बाई कुंताच्या हातातून डबा घेताना म्हणाली. कुंता हो म्हणाली.

गाड्या गेल्यावर दोघी स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर चहा घेऊन बसल्या. भाग्यश्री खोल्यांकडे गेली होती. जाण्याआधी तिने तोंड पाडून मोबाइल पुढे केला होता आणि त्या मुलीचा निरोप वाचून दाखवला होता: 'कुंताताईंना सांग, त्यांच्या नाल्यासाठी मी ती शांतता वाढवली. लोकांना तीच सगळ्यात जास्त आवडते.' रुखमाने ऐकलं आणि नुसतीच मान हलवली.

आता ती बशीत फुंकर घालत होती.

"मी हाका मारल्या तुले," ती म्हणाली.

कुंताचा कप ओठांपाशी थांबला.

"तुले ऐकू आल्या नसन. तो आवाज होता ना तुह्या हातात. धडधड, धडधड. त्याच्यात कोनाले काय ऐकू येते?"

रुखमा तिच्याकडे बघत नव्हती, चहाकडे बघत होती. कुंताला कळलं. थोरल्या जावेने दार उघडं करून ठेवलं होतं आणि स्वतः बाजूला सरली होती. कुंताने फक्त 'होय' म्हणायचं होतं. सात वर्षं ती रुखमाला 'होय'च म्हणत आली होती. आजही म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती, पुन्हा कधी कुणी काढली नसती. दोघी तशाच राहिल्या असत्या. आणि ते खोटं आहे हे दोघींनाही जन्मभर ठाऊक राहिलं असतं. इतकी भीती तिला नाल्यातही वाटली नव्हती.

"तवा आवाज नव्हता, बाई," ती म्हणाली. "खड्डा होता. मले ऐकू आल्या. दोन्ही."

रुखमाने बशी खाली ठेवली. एक कोतवाल पक्षी तारेवर येऊन बसला आणि उडाला.

"तीन होत्या," ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

दुपारी प्रफुल्ल आला. भाग्यश्रीने डांबरीवर आरडाओरडा केला होता, त्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. त्याने नाल्यावर जाऊन पंजा मोजला, फोटो काढले, वहीत लिहिलं. सुरेंद्रला सांगितलं की उद्यापासून बायांना आणायला गाडी पाठवा, आणि सुरेंद्र म्हणाला, बघू. मग प्रफुल्लने पिशवीतून प्लास्टिकचे मुखवटे काढले. सगळे एकाच साच्यातले: गोरापान, जाड मिशांचा, डोळे वटारलेला माणूस.

"डोक्याच्या मांगं बांधाचे," तो म्हणाला. "जनावर मांगून येते. चेहरा दिसला का थांबते. हसू नका, बाई, दुसरीकडं उपयोग झाला हाय."

कुणी हसलं नव्हतं. रुखमाने मुखवटा उलटसुलट करून पाहिला आणि अंबाड्यावरून रबर ओढून बांधला.

तीन वाजता त्या परत निघाल्या. ऊन होतं. कुंताने स्पीकर भाग्यश्रीच्या हातात दिला.

"तू समोर हो. लावू नको. मी मांगं राह्यते."

भाग्यश्रीने रुखमाकडे पाहिलं. रुखमा भाग्यश्रीच्या मागे चालू लागली, आणि कुंता रुखमाच्या मागे. कुंताच्या मागे आता फक्त रस्ता होता, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल. एकदाही वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि तिची मान त्या ठरवण्याने दुखत होती.

समोर, चार पावलांवर, रुखमाच्या डोक्यावरून तो मिशीवाला माणूस तिच्याकडे बघत होता. रुखमा लंगडली की तोही डुलायचा. पापणी मात्र हलायची नाही. चढ उतरून त्या नाल्यात आल्या. रपट्याच्या कडेची वाळू सुकली होती. तिथे रुखमाचा गुडघा वाकला, ती झोकांडी गेली, आणि कुंताने चटकन हात पुढे केला. रुखमाने तो धरला नाही आणि झिडकारलाही नाही. स्वतःची स्वतः सावरली आणि चालायला लागली. कुंताने हात तसाच पुढे ठेवला. त्या वटारलेल्या डोळ्यांत बघत, मान खाली न घालता, ती रपटा ओलांडून बांबूंत शिरली.